‘आलोच’ म्हणजे कधी?

परळी वैजनाथच्या बसस्थानकावर फोन वाजतो. ‘कुठंयस?’ ‘आलोच!’ उत्तर देणारा अजून घरात चप्पल शोधतोय. क्रियापद भूतकाळाचं, येणं मात्र व्हायचंय. ही थाप नव्हे. काम झाल्यात जमा आहे, हा भरवसा मराठी माणूस भूतकाळाने देतो.

‘परवा’ तर दोन्हीकडे चालतो. ‘परवा वैद्यनाथाला गेलो’, ‘परवा जाणार’: दिवस मागचा की पुढचा, हे क्रियापदच सांगतं. चिनी भाषेत क्रियापद काळानुसार बदलतच नाही. तिथे ‘काल’, ‘उद्या’ असे शब्द आणि संदर्भ ते काम करतात. जपानीत वर्तमान आणि भविष्याला एकच रूप पुरतं.

मराठीची खरी श्रीमंती रीतिभूतकाळात आहे. ‘आजी पहाटे उठे, जात्यावर बसे.’ एवढ्याशा ‘ए’कारात वर्षानुवर्षांची सवय मावते. बोलण्यातून हे रूप जवळपास गेलं. ‘उठायची, बसायची’ आलं.

मराठवाड्याचं ‘काय करायलास?’, ‘जायलोय’ मात्र टिकून आहे. चालू क्रियेचं हे अस्सल रूप वर्गात तोंडून निघालं, की पोराला ‘शुद्ध बोल’ म्हणून दटावलं जातं. ते अशुद्ध नाही. शिक्षकांनी ‘करतोयस’ जरूर शिकवावं, ‘करायलास’ खोडू नये.