वसंताचे स्वागत हातांनी

मुलांनो, उर्दूत आपण ज्याला बहार म्हणतो, त्या ऋतूला मराठीत वसंत म्हणतात. पण बहार हा शब्द मराठीलाही परका नाही. डाळिंबाची बाग असलेल्या एखाद्या शेतकऱ्याला विचारा. तो तुम्हांला आंबे बहार, मृग बहार आणि हस्त बहार अशी तीन नावे सांगेल. झाडाला वर्षातून तीन वेळा येणाऱ्या फुलोऱ्याची ही नावे आहेत. एका झाडाची फांदी दुसऱ्या झाडाला जोडतात, त्याला कलम करणे म्हणतात. आणि ज्याने आपण लिहितो, तेही कलमच! शेतातले ज्ञान आणि वहीतले ज्ञान वेगळे नाही, हे भाषेला आधीच ठाऊक आहे.

वसंत ऋतूवर निबंध लिहायला सांगितला, की तुम्ही कोकिळेचे कूजन आणि आंब्याचा मोहोर यांबद्दल लिहिता. त्यात चूक काही नाही. पण आपल्या पाटोद्याचा वसंत एवढाच आहे का? आपले गाव बालाघाटच्या डोंगरावर वसलेले आहे. फाल्गुनात येथे पळस फुलतो, चैत्रात कडुनिंबाला पांढरी फुले येतात आणि त्याच दिवसांत विहिरींचा तळही दिसू लागतो. मांजरा नदी आपल्याच तालुक्यातील डोंगरात उगम पावते. तिच्यावरील मांजरा धरण कोरडे पडले, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. म्हणून मला वाटते, की आपल्याकडे वसंत हा पुढील वर्षाच्या तयारीचा ऋतू आहे. त्याचे स्वागत नुसते डोळ्यांनी करून भागणार नाही. ते हातांनी केले पाहिजे.

हातांनी म्हणजे कसे? चिंचेचेच उदाहरण घ्या. या दिवसांत घरोघरी चिंच फोडून वर्षभरासाठी मीठ लावून ठेवतात. हे झाले स्वयंपाकघराचे काम. फोडलेली चिंच पाखडायला बुरुडाने विणलेले सूप लागते. ही झाली कारागिरी. उरलेले चिंचोके आपण खेळून फेकून देतो. तेच रात्रभर पाण्यात भिजत घाला. दुधाच्या रिकाम्या पिशवीला तळाशी भोके पाडा, तिच्यात माती व शेणखत भरा आणि चिंचोका पेरा. पंधरवड्यात अंकुर दिसेल आणि पावसाळा येईपर्यंत लावण्याजोगे रोप तयार होईल. पाहा, एका चिंचेत रोप, स्वयंपाक आणि हस्तकला या तिन्ही गोष्टी आल्या.

झाडे लावण्याचे कार्यक्रम आपल्याकडे पुष्कळ होतात. २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाने ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प केला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळच्या पालवण येथे वृक्षसंमेलन भरले. त्याचे अध्यक्षपद एका वडाच्या झाडाला दिले होते! असे कार्यक्रम जरूर व्हावेत. परंतु झाडाची खरी परीक्षा पावसाळ्यात नसते. ती पुढच्या चैत्र-वैशाखात असते आणि तेव्हा पाणी घालायला कोणी येत नाही. स्वतः पेरून वाढवलेले रोप मात्र माणूस सहसा वाळू देत नाही.

‘पाणी कोठून आणायचे?’ असे तुम्ही विचाराल. प्रश्न योग्य आहे. आपल्या मशिदींत दिवसातून पाच वेळा वजूचे पाणी वाहून जाते. तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी घरात रोजच असते. तेवढ्यावर दोन-चार रोपे सहज जगतात. माणसाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले, तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, अशी आपल्या पैगंबरांची शिकवण आहे.

आता स्वयंपाकघराकडे वळू. २०२५ मध्ये ३० मार्चला गुढीपाडवा होता आणि ३१ मार्चला रमजान ईद. एका घरी कडुनिंबाची कोवळी पाने आणि गूळ, तर शेजारी शीरखुर्म्याची तयारी! उन्हात बाजेवर वाळणाऱ्या शेवया, पापड आणि कुरडया तर दोन्ही घरी सारख्याच. पण हे सारे करते कोण? आई, आजी आणि बहीण. मुलगे फक्त वाटी पुढे करतात. हे मला मान्य नाही. शेवया खाणाऱ्याला शेवया वाळत घालता आल्याच पाहिजेत. हे काम हलके आहे, असे समजणाऱ्याने ते एक दिवस करून पाहावे.

काही जण म्हणतात, ‘बाजारात सर्व काही तयार मिळते; मग एवढा खटाटोप कशाला?’ यंत्राने आयाबहिणींचे कष्ट कमी झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. मी यंत्राच्या विरुद्ध नाही. पण वस्तू विकत घेता येते, तसे कौशल्य विकत घेता येत नाही. माठातील पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून पाझरते, त्याची वाफ होते आणि आतले पाणी गार राहते. विज्ञानाचा हा पाठ कुंभाराचे हात पिढ्यान् पिढ्या गिरवत आले आहेत. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आजीलाही भूमिती येते. फक्त तिने ती शाळेत शिकलेली नसते. आपण माठ, सूप आणि टोपली घेणे सोडले, तर कारागिराची मुले हे काम का शिकतील?

आणखी एक गोष्ट. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली आपल्या तालुक्यातील कुटुंबे याच दिवसांत परत येतात. वर्गातील काही रिकाम्या जागा पुन्हा भरतात. त्या मुलांचे धडे मागे पडलेले असतात, पण त्यांच्या हातांना कितीतरी कामे येतात. त्यांना धडे समजावून द्या आणि त्यांच्याकडून गाठ मारणे, मोळी बांधणे शिकून घ्या. अशा देवघेवीत कोणालाही कमीपणा वाटणार नाही.

वार्षिक परीक्षा जवळ आली आहे, हे मला ठाऊक आहे. चिंचोका पेरायला दहा मिनिटे पुरतात. आज घरी गेल्यावर एक दुधाची पिशवी धुऊन ठेवा आणि आजीला विचारा, चिंचोके कोठे ठेवले आहेत?