दाराबाहेरच्या चपला

मधुमेही रुग्ण आपल्या दवाखान्यात येतो तो चपला दाराबाहेर काढूनच. ही रीत आदराची खरी. परंतु तिच्यामुळे झिजलेली टाच, अंगठ्याला काचणारा पट्टा, तळात रुतलेला खिळा यांतले काहीच वैद्याच्या नजरेस पडत नाही. रुग्ण रक्तशर्करेचा कागद पुढे सरकवतो आणि पावले टेबलाखालीच राहतात.

मधुमेहात जे पाय कापावे लागतात, त्यांपैकी शेकडा ८५च्या आसपास पायांवर आधी एक लहानशी जखम झालेली असते. म्हणजे बहुतेक वेळा आपल्याला पूर्वसूचना मिळालेली असते. ‘डॉक्टर, दुखत मुळीच नाही,’ असे रुग्ण समाधानाने सांगतो, तेव्हाच आपण सावध व्हावयास हवे. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट आणि १२८ हर्ट्झचा नादकाटा ही काही महागडी साधने नव्हेत. बधिर तळव्याने चैत्रातल्या तापलेल्या फरशीवर देवळाला प्रदक्षिणा घालणारे आणि अनवाणी पंढरीची वाट चालणारे आपल्याच समाजात आहेत.

जखम झाल्यावर पायाला धोका किती, हे केवळ तिच्या आकारावरून ठरत नाही. जखमेची खोली, रक्तपुरवठा आणि जंतुसंसर्ग या तिन्हींचा एकत्र विचार करणारी पद्धत २०१४ पासून उपलब्ध आहे. तरीही रोज मलमपट्टी करावयाची आणि त्याच पायावर रुग्णाला चालू द्यावयाचे, असे महिनोन्‌महिने चालते. त्यातच घोट्याजवळच्या रक्तदाबाचा आकडा फसवा! धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचल्यास तो उगाच चांगला येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातील दाब पाहावा लागतो. जिवावर बेतलेला जंतुसंसर्ग वगळता, धमन्यांची तपासणी झाल्याखेरीज कोणाचाही पाय कापू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अँजिओप्लास्टीने वाचू शकला असता असा पाय गुडघ्यावरून जाणे, हा आपल्या व्यवसायाला लागलेला बट्टा आहे.

खेदाची बाब अशी की, तळव्यावरचा भार कमी करणारे प्लास्टर आपल्या देशात कुष्ठरोग्यांच्या व्रणांसाठी फार पूर्वी वापरात होते. १९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी ते पुढे अमेरिकेत नेले, तेथे ते मधुमेह्यांसाठी रूढ झाले. आणि आपण मात्र मलमांच्या नळ्याच बदलत बसलो.

जखम भरल्यावर सुटलो, असेही नाही. वर्षभरातच शेकडा ४० जणांना ती पुन्हा होते.

अलीकडे मी दाराशी एक पाटी लावली आहे : ‘मधुमेह असल्यास चपला आत घेऊन याव्यात.’ व्यवसायबंधू हसले. कंपाउंडरला फरशीची काळजी पडली. चौथ्याच दिवशी एका आजींच्या चपलेच्या तळातून आरपार आलेली टाचणी निघाली. आजींना तिचा पत्ताच नव्हता.