कोर्टाचा आदेश कुत्र्यांवर आला, पण कुत्रं धरणाऱ्या पोराचं काय?

हुडकेश्वर (नागपूर) : कुत्री पकडायची गाडी गल्लीत शिरली की कुत्र्यांना ती लांबूनच कळते. दहा कुत्री दहा दिशांना पळतात. मागे जाळी घेऊन धावतो तो बहुतेकदा आजूबाजूच्या खेड्यातून आलेला विशी-पंचविशीतला पोट्टा. कुत्रं चावतं तेव्हा बातमी होते, कोर्टात तारीख लागते तेव्हाही होते. या पोट्ट्याची बातमी कधी होत नाही, आणि सगळी योजना तर त्याच्याच हातावर उभी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 ला सांगितलं की मोकाट कुत्रे पकडा, नसबंदी करा, लस द्या, जंताचं औषध द्या आणि जिथून उचलले तिथेच सोडा. पिसाळलेले, पिसाळल्याचा संशय असलेले आणि अंगावर येणारे मात्र सोडायचे नाहीत. पुढे 7 नोव्हेंबरला आणखी कडक आदेश आला. शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायची, परत तिथे सोडायची नाहीत. महामार्गावरची मोकाट जनावरंही हटवायची. आदेश देशभरासाठी आहे.

आता जरा हिशोब करून पाहा. 2023 च्या नियमांप्रमाणे नसबंदीनंतर कुत्र्याला किमान 4 दिवस देखरेखीखाली ठेवावं लागतं. एखाद्या केंद्रात रोज फक्त 10 ऑपरेशनं झाली, तरी कोणत्याही दिवशी 40 कुत्री पिंजऱ्यात असतात. पिंजरे दोनदा धुवायचे म्हणजे 80 वेळा धुणं. 40 टाक्यांवर नजर, 40 तोंडांना खाणं, कोणी टाके चाटतंय का, कोणाला ताप आहे का, कोणता कुत्रा कोणत्या चौकातून आणला त्याची नोंद. ही नोंद चुकली तर कुत्रं भलत्याच वस्तीत सोडलं जातं आणि तिथे नव्या भांडणाला सुरुवात होते. डॉक्टर ऑपरेशन करून मोकळे होतात. पुढचे चार दिवस मदतनिसाचे असतात.

हुडकेश्वरमध्ये हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. गाव 2013 मध्ये महापालिकेत आलं, पण शेजारी पिपळा, बेसा, घोगली ही गावं आहेत. कुत्र्याला हद्द कळत नाही. रात्री अलीकडच्या कचऱ्यावर, सकाळी पलीकडच्या मटणाच्या दुकानापुढे. एका बाजूची कुत्री नसबंदी केलेली आणि दुसऱ्या बाजूची नाही, तर दोन-तीन वर्षांत परिस्थिती जिथल्या तिथे येते. नियमांत ही जबाबदारी पंचायतींवरही टाकलेली आहे. ग्रामसभेत हा विषय निघतो तेव्हा मात्र "कोणाला तरी फोन करा" इथेच संपतो. तो फोन शेवटी जातो एखाद्या प्राणीसेवी संस्थेकडे.

आणि संस्थेत काम फक्त कुत्र्यांचं नसतं. गाडीने उडवलेलं वासरू, पन्नी खाऊन पोट फुगलेली गाय, नायलॉन मांजात अडकलेली घार. पावसाळ्यात किडे पडलेल्या जखमा येतात. चिमट्याने एक एक किडा काढायचा, वास सहन करायचा, जनावर लाथ मारतं तेही सहन करायचं. कुत्र्याला धरायचं तर पट्टीचा फास तोंडावर टाकून हनुवटीखाली आढी द्यायची आणि कानामागे गाठ मारायची. गाठ ढिली राहिली तर बोट गेलं समजा. पार्व्हो झालेली पिल्लं वेगळी ठेवावी लागतात. त्यांच्याकडून निघून त्याच बुटांनी दुसऱ्या पिंजऱ्यात गेलं की रोग सोबत जातो. ही अक्कल कोणत्या पुस्तकापेक्षा सोबतच्या जुन्या माणसाकडूनच येते. संस्थेतली जुनी माणसं टिकत नाहीत, तिथे ती येतच नाही.

खरा धोका रेबीजचा. लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळपास अशक्य. म्हणून रोज कुत्री हाताळणाऱ्याने चावा होण्याच्या आधीच लस घ्यायला हवी. तीन डोस असतात, पहिला, सातव्या दिवशी दुसरा आणि 21 किंवा 28 व्या दिवशी तिसरा. हे झालेलं असेल तर पुढे कुत्रं चावल्यावर दोनच डोस लागतात, त्याच दिवशी आणि तिसऱ्या दिवशी, सिरमची गरज पडत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुणं तरीही सोडायचं नाही. कुत्र्यांना लस टोचणाऱ्याच्याच दंडाला लस नसेल, तर ती संस्था कितीही भूतदयेची असो, कामाला लागण्यासारखी नाही. पहिल्या दिवशी विचारायचा पहिला प्रश्न हाच, पगार त्यानंतर.

पगाराचंही सरळ बोललं पाहिजे. "सेवा आहे, पुण्य आहे" हे वाक्य संस्थांमध्ये फार ऐकू येतं. देणगीवर चालणाऱ्या ठिकाणी पैसा कमी असतो हे खरं. पण औषधवाला पुण्यावर औषध देत नाही, गाडीत डिझेल पुण्यावर भरत नाही. मग रात्री दोन वाजता नाल्यातून कुत्रं काढणाऱ्याच्याच पगारात पुण्य का मोजायचं? हजेरीपत्रक, नेमणुकीचं पत्र, चावल्यास उपचाराचा खर्च कोणाचा, हे कागदावर असलं पाहिजे.

कागदाचा दुसरा विषय गावाशी जास्त जवळचा आहे. संस्थेत दोन वर्षं काढली की पोराला सलाईन लावता येते, इंजेक्शन देता येतं. लोक त्याला 'पॅराव्हेट' म्हणतात. ही पदवी नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 प्रमाणे उपचाराचा हक्क नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. ठरावीक पदविका किंवा प्रमाणपत्र असणाऱ्यांना राज्य सरकारच्या आदेशाने छोटे उपचार करता येतात, तेही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. म्हणजे नुसत्या अनुभवावर गावात येऊन गोठ्या-गोठ्यात फिरणं बेकायदा आहे. आणि धोक्याचंही, कारण कुत्र्याच्या मापाची सवय लागलेल्या हाताने म्हशीच्या शिरेत कॅल्शियम घाईने सोडलं तर म्हैस जागेवर जाऊ शकते. लाखाच्या आसपासचं जनावर, आणि मग पोरगं गावात तोंड दाखवू शकत नाही.

यात दोष एकट्या पोराचा नाही. नागपुरातच पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासून आहे, माफसू विद्यापीठ 2000 पासून इथेच आहे. डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षं लागतात, त्याखाली पदविका आहे. मात्र जो आधीच पिंजरे धुतो, जनावर धरतो, मलमपट्टी करतो, त्याच्या अनुभवाला मोजून पुढची पायरी देणारा सोपा रस्ता दिसत नाही. पशुधन पर्यवेक्षकाच्या जागेसाठी ठरावीक शिक्षणाचा कागद लागतो, संस्थेतल्या चार वर्षांची किंमत तिथे शून्य. त्यामुळे ज्याला खरंच जनावरांत रस आहे त्याने आधी पदविकेची चौकशी करावी, आणि संस्थेचं काम त्यासोबत किंवा त्यानंतर.

कोर्टाच्या आदेशाप्रमाणे उद्या प्रत्येक तालुक्यात निवारे उभे राहिले, तर पिंजरे टेंडर काढून मिळतील. जाळी धरणारे, टाके पाहणारे, रात्री जागणारे हात टेंडरने येत नाहीत. उमरेड, कुही, भिवापूरच्या पंचायतींनी निवाऱ्याचा ठराव घेताना जागेच्या गट क्रमांकासोबत मदतनीस किती, त्यांना लस कोण देणार आणि पगार कोणत्या निधीतून, हे त्याच ठरावात लिहून घ्यावं. नाहीतर शेड तयार, कुलूप तयार, आणि आत कुत्र्यांना पाणी द्यायला कोणी नाही, अशी वेळ येईल.