मदत ही भीक नव्हे, हक्क आहे

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरले आणि मागाहून लेप्टोने माणसे नेली. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून हा आजार पायाच्या जखमेवाटे शिरतो. त्यावर प्रतिबंधक गोळी आहे. पुराच्या पाण्यातून चाललेल्याने ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठावा. गरोदर बाई आणि लहान मुलांचे औषध वेगळे असते. पण आपण ताप चढेपर्यंत थांबतो, आणि पंचनाम्याची वाट पाहत दारात बसतो.

आता वाट पाहणे सोडूया. विहारात बसून घरोघरची यादी करूया : कोण पाण्यातून चालले, कोणाचे काय वाहून गेले. फोटो काढल्याशिवाय चिखल उपसू नये. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आणि रुग्णवाहिकेचा १०८ विहाराच्या भिंतीवर लिहूया. एकट्याला ‘उद्या या’ म्हणतात. सगळ्या वस्तीच्या सह्यांचा अर्ज नेला आणि त्याची पोच घेतली, तर टाळणे अवघड जाते. बाबासाहेबांनी संघटित व्हायला सांगितले ते अशा वेळेसाठीही. जगण्याचा हक्क संविधानाच्या कलम २१ मध्ये आहे. तो मागताना मान खाली कशाला?

जय भीम!