ट्रायथलॉनची सायकल आणि आपले दुकानदार

तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने एके काळी आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात होती. स्कूटरी आल्या, मोटारसायकली आल्या आणि ती दुकाने एकेक करून मिटली. पंक्चर काढणारे, चाकाचा आउट काढणारे कसबी हात मात्र अजून शिल्लक आहेत. या हातांकडे आता एक नवे गिऱ्हाईक येऊ लागले आहे आणि त्याला कोणती सायकल द्यावी याविषयी आपल्या व्यापारी बांधवांच्या मनात बराच गोंधळ दिसतो.

हे गिऱ्हाईक ट्रायथलॉनची तयारी करणारे आहे. आधी पोहायचे, मग सायकल, मग धावायचे, अशी ही शर्यत. २००० साली सिडनीत ती ऑलिंपिकमध्ये आली. तेथे दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. आयर्नमॅन नावाची लांब शर्यत १९७८ पासूनची, हवाई बेटांवरची. तिच्यात सायकलच १८० किलोमीटर. तिच्या निम्म्या अंतराची शर्यत २०१९ साली गोव्यात झाली आणि तेव्हापासून आपल्याकडच्या डॉक्टर, इंजिनिअर, नोकरदार मंडळींना हे वेड अधिकच लागले. कोणतेही अंतर घ्या, सर्वांत जास्त वेळ सायकलवरच जातो. म्हणून पैसाही तेथेच जातो.

आता मुद्दा असा की, या शर्यतीसाठी वेगळी ‘ट्राय सायकल’ मिळते. तिची सीट पुढे सरकलेली असते आणि हँडलवर कोपरे टेकायच्या गाद्या व पुढे निघालेले दोन दांडे असतात. स्वार पुढे वाकून झोपल्यासारखा बसतो, त्यामुळे वारा कमी अडतो. ताशी ३० किलोमीटरच्या पुढे खरा विरोध वाऱ्याचाच असतो, तेव्हा त्यात तथ्य आहेच. पण दांडे धरले की हात ब्रेकपासून दूर जातात. मोकळ्या केलेल्या शर्यतीच्या रस्त्यावर ते चालते. पहाटे पाचला दुधाच्या टेम्पोंतून, कुत्र्यांतून आणि खड्ड्यांतून सराव करणाऱ्याने काय करायचे? शिवाय ऑलिंपिकच्या अंतराच्या ज्या शर्यतींत दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवण्याची मुभा असते, तेथे वाकड्या हँडलची रोड सायकलच लागते.

आमचे मत स्पष्ट आहे. पहिली सायकल रोड सायकलच द्यावी. पुढे गरज वाटलीच तर तिच्यावर ते दांडे स्वतंत्र बसवता येतात. अॅल्युमिनियमची बरी रोड सायकल लाखाच्या आत मिळते. कार्बनची ट्राय सायकल काही लाखांत जाते. दुकानदाराला मोठ्या बिलाचा मोह होणारच, तो आम्ही समजू शकतो. पण सहा महिन्यांत जी सायकल गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामी येते, तिचा मालक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही आणि त्याच्या चार मित्रांनाही चढू देत नाही.

मापाविषयी तर आमची तक्रारच आहे. आमच्या पाहण्यात एक तरुण आला. त्याला ५४ ची फ्रेम हवी होती. दुकानात ५६ पडून होती, तीच गळ्यात मारली. सीट पुढे ढकल, हँडल मागे घे, असे करून भागवले. महिन्याभरात मान आणि खांदे धरले. शेवटी रस्त्याकडेच्या एका कारागिराने आखूड स्टेम बसवून थोडेफार सावरले, पण फ्रेम काही कापता येत नाही. शिंप्याने तयार शर्ट गिऱ्हाइकाच्या अंगावर न लावता विकला तर आपण त्याला काय म्हणू? एका कंपनीची ५४ आणि दुसरीची ५४ यांतही फरक असतो, तेव्हा हँडल किती उंच व किती लांब येते हे कंपनीच्या तक्त्यात पाहावे. सीटची उंची ठरवायची सोपी रीत अशी: पायडल सर्वांत खाली असताना टाच टेकवली तर पाय सरळ व्हावा. मोजूनच पाहायचे तर जांघेपासून जमिनीपर्यंतचे माप ०.८८३ ने गुणावे. ८० सेंटिमीटर असेल तर क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७०.६ येते. एवढ्या कामाला टेप आणि दहा मिनिटे लागतात.

टायर आपल्या रस्त्यांना २८ चे घ्यावे, फ्रेममध्ये जागा असेल तर त्याहूनही रुंद. पुढे ५०-३४ दात्यांची जोडी आणि मागे ३० च्या पुढे दाते असले तर घाटात गुडघे वाचतात. गिअर आठ की बारा, यावर नवशिके तासन्‌तास वाद घालतात. सरावाला आठही पुरतात.

कारागिरांना थोडे वेगळे सांगायचे आहे. कार्बनचा सीटचा दांडा हाताच्या अंदाजाने आवळू नये. त्याला साधारण ५ न्यूटन-मीटर जोर पुरतो, नेमका आकडा बहुधा क्लॅम्पवरच छापलेला असतो. जास्त झाला की तडा जातो आणि भरपाई आपल्या खिशातून. यासाठी जोर मोजणारा टॉर्क पान्हा घ्यावाच लागेल. चेन किती ताणली हे पाहायचे माप स्वस्त आहे, तेही घ्यावे. अकरा-बारा गिअरची चेन अर्धा टक्का वाढली की बदलावी, नाहीतर मागची महागडी कॅसेट खाते. घरातल्या ट्रेनरवर चालवणाऱ्यांच्या सायकलीवर घाम गळतो. हेडसेटचे बोल्ट आणि छर्रे आतून गंजतात, ते न सांगता उघडून पाहावेत.

आणि नवी सायकल दिली की दोन-तीनशे किलोमीटरनंतर परत बोलवावे. तोवर केबल सैल होतात, तारा बसतात. ही पहिली दुरुस्ती फुकट करावी की पैसे घ्यावेत, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही असतो तर पहिली फुकट केली असती आणि दुसरीपासून पुरते पैसे घेतले असते.