समुद्रावर जाताय? आधी परतीची वेळ ठरवा!

नरसीकरांनो, पंचक्रोशीतल्या मायबापांनो,

दिवाळी तोंडावर आली आहे. सोयाबीनचे पैसे हातात आले की चार घरं मिळून गाडी ठरवतात. रात्रभर प्रवास, आणि उजाडताना कोकण. लेकरं समुद्र पहिल्यांदाच बघणार असतात. जा, जरूर जा. पण निघण्याआधी पाच मिनिटं काढून हे वाचा. गाडीत सगळ्यांना वाचून दाखवा.

आपण नदीकाठची माणसं. कयाधूला पूर येणार असेल तर आपल्याला कळतं. वर पाऊस झालेला असतो, पाणी गढूळ होतं, काठावरचं कुणीतरी हाक मारतं. समुद्र हाक मारत नाही. आभाळ निरभ्र असतं, ऊन पडलेलं असतं, आणि पाणी गुपचूप चढत असतं. दिवसातून दोनदा, रोज.

मालवणचंच बघा. दांडीच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर सिंधुदुर्ग आणि अलीकडे चिमुकला पद्मगड दिसतो. ओहोटीला पाणी ओसरलं की पद्मगडापर्यंत चालत जाता येतं. हा सगळा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पद्मगडाची फेरी अगदी छोटी, आणि छोटी म्हणूनच फसवी. ‘हे काय, पाच मिनिटांत जाऊन येऊ’ म्हणत माणसं निघतात, फोटो काढत रेंगाळतात, आणि मागं वळून बघतात तर आलेली वाट पाण्याखाली.

मी स्वतः एकदा किनाऱ्यावर कोरड्या वाळूत चपला काढून चहाला गेलो. परत आलो तर एक चप्पल लाटांवर तरंगत होती, दुसरी दिसेना. चपलेवर निभावलं. तिथं लेकरू बसलेलं असतं तर?

म्हणून आधी वेळ ठरवा. त्यासाठी काही शिकायला नको, भिंतीवरचं कॅलेंडर काढा. आपण एकादशी धरणारी माणसं, तिथी आपल्याला तोंडपाठ. कोकणातला जुना हिशेब त्या तिथीवरच चालतो: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. एकादशीला सव्वाआठ. पहाटेची आणि दुपारची, किंवा सकाळची आणि रात्रीची, अशी दोन्ही वेळा तीच. शुद्ध असो की वद्य, हिशेब एकच. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, तशी भरतीही पुढं सरकते. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, तास-पाऊण तास इकडंतिकडं होतो. म्हणून किनाऱ्यावर पोचल्यावर होडीवाल्याला विचाराच: ‘दादा, पाणी कधी चढणार?’

आता दिवाळीचा हिशेब करा. लक्ष्मीपूजन अमावास्येचं. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत समुद्राला उधाण असतं. पाणी एरवीपेक्षा जास्त वर चढतं आणि जोरानं चढतं. म्हणजे पाडवा आणि भाऊबीज, नेमके आपल्या सहलीचे दिवस! भाऊबीजेला भरती दीडच्या सुमारास. तुम्ही अकराला खोलीवर सामान टाकून किनाऱ्यावर जाल, तेव्हा पाणी वाढत असेल. त्या दिवशी ओहोटी सकाळी साडेसातची. तेव्हा फेरी सकाळीच उरका. ओहोटीच्या तासभर आधी निघा. ओहोटीची वेळ झाली की वळा. गड अर्धाच बघून झाला असेल तरी वळा. गड उद्याही तिथंच असेल.

हे मी उगाच जीव तोडून सांगत नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या सहलीतले ८ जण गेले. शिकलीसवरलेली, तरणीताठी माणसं होती ती. घरून निरोप घेतला होता. दारात वाट बघणारी आई तुमच्या-आमच्यासारखीच होती.

तुमच्या घरात असं होऊ देऊ नका. ते तुमच्या हातात आहे. लेकरांना गुडघ्याच्या वर पाण्यात सोडू नका, आणि तिथंही हात धरून उभे राहा. विहिरीत पोहणाऱ्या पोरांना आधी समजावा. विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं माणसाला आत ओढून नेतं. दोन्हीकडं लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, तर तो पट्टा सर्वांत धोक्याचा असू शकतो. तिथूनच पाणी आत परततं. त्यात कुणी सापडलंच तर त्यानं थेट किनाऱ्याकडं झुंजू नये, दमछाक होते. घाबरू नये, तरंगावं, आणि ओढ सुटेपर्यंत किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावं.

आणि काठावरच्यांनो, मन घट्ट करा. एक बुडताना दिसला म्हणून चौघं उड्या टाकतात आणि पाच जातात. उडी टाकू नका. दोर फेका, साडी फेका, गाडीतला रिकामा पाण्याचा कॅन झाकण लावून फेका. आरडाओरडा करून होडीवाल्यांना बोलवा. ११२ लावा.

गुरुजींनो, बाईंनो, दिवाळीनंतर शाळेच्या सहली निघतील. लोकांनी पोटचे गोळे तुमच्या हवाली केलेत. किनाऱ्यावर उतरण्याआधी एसटीतच पोरं मोजा, परत चढल्यावर पुन्हा मोजा. दहा पोरांमागं एक मोठं माणूस ठेवा. सहलीच्या पत्रकावर जेवणाची वेळ छापता, तशी भरतीचीही छापा. ओहोटीची वेळ जमत नसेल तर पाण्याजवळ नेऊच नका. काठावरून समुद्र दाखवा. पोरं रुसतील. रुसू द्या.

आणखी एक. अभयारण्यात शंख, पोवळं, तारामासा उचलून आणू नका. ते तिथले जीव आहेत, नाहीतर जिवांची घरं. आपल्या घरच्या शोकेसमध्ये ते दोन दिवस मिरवेल, मग धूळ खाईल.

शेवटी आपल्या गावाचीच गोष्ट. आषाढीला लोक पंढरपूरला जातात, आणि परतवारीच्या एकादशीला नामदेवरायांच्या या नरसीत लाखोंनी येतात. जाणं जितकं मोलाचं, तितकंच परतणं, हे आपल्या गावाला वेगळं सांगायला नको. तेच समुद्रावर पाळा. आज रात्रीच कॅलेंडर काढा. किनाऱ्यावर असाल त्या तारखेची तिथी बघा, तिची पाऊणपट करून भरती आणि त्यावरून ओहोटी काढा, आणि ती परतीची वेळ कागदावर लिहून ड्रायव्हरच्या समोर चिकटवा. सगळ्यांत आधी ती वेळ, मग हॉटेल, मग मासे.

गाडीत जितकी माणसं बसवून न्याल, तितकीच परत आणा. गाव वाट बघतंय.