गट आपला, जागा कुणाची?

अकोला-अमरावतीकडे बचत गटाच्या बायांना विलीनीकरण हा शब्द बँकेमुळे ऐकू आला. १ मे २०२५ रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक मिळून एकच बँक झाली. पाटी बदलली, पण शिल्लक गटाच्याच नावावर राहिली. त्यामागे कायदा होता, सरकारी अधिसूचना होती.

गटाचा उरलेला कारभार ज्या व्हॉट्सअॅपवर चालतो, तेही विकलं गेलेलं आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने ते १९०० कोटी डॉलरना घेत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा कंपनीत माणसं होती जेमतेम ५५, आणि वापरणारे सुमारे ४५ कोटी. म्हणजे किंमत यंत्राची नव्हती, आपसात बोलणाऱ्या माणसांची होती. डोईमागे ४२ डॉलर. "पन आमाले कोनं इचारलं?" असं आपली वऱ्हाडी बाई म्हणेल, आणि तिचा प्रश्न नेमका आहे.

काही बदलणार नाही, हा शब्द अडीच वर्षं टिकला. ऑगस्ट २०१६ मध्ये वापरणाऱ्यांची काही माहिती फेसबुकला देण्याचं धोरण आलं. तेव्हा नकार द्यायला ३० दिवस तरी होते. जानेवारी २०२१ च्या धोरणात तेही नव्हतं: मान्य करा, नाहीतर सोडा. यावर भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे २१३ कोटींचा दंड केला आणि जाहिरातींसाठी माहिती देण्यावर पाच वर्षांची बंदी घातली. वर्षभराने अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, बंदी मात्र उठवली. दंड सरकारजमा होतो. बायांच्या पदरात काय?

सोडा म्हणणं शहरात सोपं असेल. इथे आशाताईला वरून निरोप येतो तो तिथेच. दर्यापूरची लेक मूर्तिजापूरला दिलेली. मार खाल्ल्यावर तिचा पहिला निरोपही तिथेच येतो. मजकूर कुलूपबंद असतो, हे खरं. पण कोणता नंबर कोणत्या गटात आहे हे मालकाला कळू शकतं, आणि आपल्यासारख्या कामात तेवढंही पुष्कळ असतं. नवरा बायकोचा फोन तपासतो तेव्हा तोही आधी नंबरच बघतो ना?

मालकाचं मन उडालं तर काय होतं, हे याहू ग्रुप्सवर दिसलं. २००० साली याहूने ईग्रुप्स विकत घेतलं, २०१७ मध्ये याहूच व्हेरायझनकडे गेली, आणि १५ डिसेंबर २०२० ला ते सगळं बंद झालं. जुना मजकूर त्याआधीच काढून टाकायला घेतला होता. जगभरच्या कितीतरी गटांचं वीस वर्षांचं बोलणं त्यात होतं.

तेव्हा मैत्रिणींनो, इतिवृत्ताची वही, हजेरी, तक्रारीची तारीख आणि साक्षीदारांची नावं कागदावरच राहू द्या. आधुनिकतेच्या नावाखाली वह्या रद्दीत घालण्याची घाई आपल्या काही संस्थांनाही झालेली दिसते. आणि मागणी रेटायचीच तर ही रेटू: अशी सेवा विकली जाताना वापरणाऱ्यांना आधी कळवलं पाहिजे, नकार देऊनही सेवा मिळाली पाहिजे, आणि आपला मजकूर घेऊन बाहेर पडायला किमान वर्षभराची मुदत मिळाली पाहिजे. बँकेच्या खातेदार बाईला कायदा ओळखतो. गटात निरोप लिहिणारी बाई त्याच्या लेखी अजून कुणीच नाही.